कोनमापक १७९ दाखवतो, सिद्धता १८० सांगते

तालुक्याच्या गावी गणित शिकवणाऱ्या एका सरांचं पत्र आलं आहे. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. नववीच्या वर्गात त्यांनी नेहमीप्रमाणे त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते हे प्रमेय सिद्ध करून दाखवलं. एका मुलीने घरी जाऊन वहीत पाच त्रिकोण काढले, कोनमापकाने कोन मोजले आणि बेरजा केल्या. त्या आल्या १७९, १८१, १७८, १८० आणि १८१. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “सर, पाचांतला एकच बरोबर आला. मग जगातल्या सगळ्या त्रिकोणांचं तुम्ही कसं काय सांगता?” सर म्हणाले, मोजण्यात चूक होते, सिद्धतेत होत नाही. स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा विज्ञानाचे सर, त्यांचे जुने स्नेही, म्हणाले की सगळं ज्ञान अनुभवातूनच येतं. दोन आणि दोन चार हेसुद्धा आपण चिंचोके मोजूनच शिकलो. त्यातच भौतिकशास्त्रात संशोधन करणारा एक माजी विद्यार्थी भेटायला आला आणि बोलता बोलता सांगून गेला की खऱ्या अवकाशाला युक्लिडची भूमिती तंतोतंत लागू पडत नाही. तेव्हापासून सरांना चैन नाही. ते लिहितात, “इतकी वर्षं अढळ सत्य म्हणून जे शिकवलं ते खोटं होतं का? आता मुलांना खरं काय ते सांगू, की पुस्तकात आहे तेवढं शिकवून मोकळा होऊ?”

सर, नमस्कार.

आधी तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न घेते, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. तिच्या पाच बेरजा पाहून तुम्ही म्हणालात, मोजण्यात चूक आहे. हे तुम्हाला कशावरून कळलं? बेरीज १८० यायलाच हवी हे तुम्ही आधीच धरलं होतं, त्यावरून. म्हणजे मोजमापाने प्रमेयाची परीक्षा घेतली नाही, प्रमेयानेच मोजमापाची घेतली. विज्ञानाच्या तासाला असं चालत नाही. तिथे नियम एक सांगतो आणि मोजमाप दुसरंच दाखवतं, तेव्हा निदान नियमाकडे पुन्हा पाहावं लागतं. भूमितीला ही सवलत कोणी दिली? त्या मुलीला हे विचारायचं होतं. तत्त्वज्ञानात ज्याला अनुभवपूर्व ज्ञान म्हणतात, म्हणजे ज्याला अनुभवाचा आधार लागत नाही असं ज्ञान, त्याबद्दलचा वादही शतकानुशतकं याच सवलतीभोवती फिरतो आहे. नववीतल्या मुलीने तो स्वतःच्या वहीतून उभा केला याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता तुमच्या स्नेह्यांचं म्हणणं. ते एकटे नाहीत. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ मध्ये हीच बाजू नेटाने मांडली होती: गणिताचे नियमही शेवटी अनुभवातून काढलेली सामान्य विधानं, फक्त ती इतक्या वेळा पडताळली गेली आहेत की ती वेगळ्या जातीची वाटतात. आपल्याकडच्या न्यायदर्शनातही अनुमान मांडताना नुसता नियम सांगून भागत नाही, उदाहरण द्यावं लागतं. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. आणि ही व्याप्ती, म्हणजे धूर आणि अग्नी यांची कायमची सोबत, हाती येते ती बहुतांशी पुन्हा पुन्हा पाहण्यातूनच. प्रत्यक्ष दिसेल तेवढंच मानणाऱ्या चार्वाकांना तर तेवढ्यानेही समाधान नव्हतं.

पण इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि ते सोडवून घेतले पाहिजेत. एखादी गोष्ट आपण शिकलो कशी, हा एक प्रश्न. ती खरी आहे याला आधार काय, हा दुसरा. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने आपल्या मोठ्या ग्रंथाच्या १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीलाच बजावलं होतं की ज्ञानाचा आरंभ अनुभवाने होतो, म्हणून सगळं ज्ञान अनुभवातून उपजतं असं होत नाही. चिंचोके मोजल्याशिवाय मुलाला ‘दोन’ कळणार नाही, हे खरंच आहे. फळ्यावर त्रिकोण पाहिल्याशिवाय ‘त्रिकोण’ कळणार नाही, हेही खरं. पण समजा, दोन आणि दोन चिंचोके एकत्र केले आणि मोजल्यावर पाच भरले. तुमचे स्नेही काय करतील? पुन्हा मोजतील. कुठला एखादा आधीच तिथे पडला होता का ते पाहतील. एक लिटर पाणी आणि एक लिटर अल्कोहोल एकत्र केलं तर मिश्रण दोन लिटरपेक्षा थोडं कमी भरतं, हे तर ते स्वतः मुलांना सांगत असतील. त्यावरून एक आणि एक दोन होत नाहीत असं कोणी म्हणत नाही. या द्रवांच्या आकारमानाला साधी बेरीज लागू पडत नाही असं म्हणतो. बेरीज तशीच राहते, ती कुठे वापरायची याबद्दलची समजूत बदलते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

तुमच्या पत्रात मला एक गृहीत धरलेली गोष्ट सतत जाणवली. ‘अढळ सत्य’ या शब्दांत तुम्ही तीन वेगळे दावे एकत्र बांधले आहेत. पहिला, हे ज्ञान अनुभवाच्या आधाराशिवाय मिळतं. दुसरा, ते याहून वेगळं असूच शकत नाही. तिसरा, त्यात चूक निघणं शक्य नाही. इतकी वर्षं ते एकत्र राहिले आणि आता एकाला धक्का लागल्यावर तिन्ही कोसळल्यासारखे वाटले. वास्तविक ते एकमेकांवर अवलंबून नाहीत.

तिसऱ्याचंच बघा. एखाद्या नकाशातले शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांत दिसावेत यासाठी चार रंग पुरतात, असा एक प्रश्न गणितात प्रसिद्ध आहे. १८७९ मध्ये आल्फ्रेड केम्पने त्याची सिद्धता दिली. जाणकारांनी ती मान्य केली. १८९० मध्ये पर्सी हीवुडने तिच्यातली चूक दाखवली. अकरा वर्षं एक सदोष सिद्धता सिद्धता म्हणून नांदली. चूक सापडली तीही नकाशे रंगवून पाहणाऱ्यांच्या पाहणीतून नव्हे, तर्काची पायरीन् पायरी पुन्हा तपासून. म्हणजे ज्ञानाची वाट अनुभवाबाहेरची असली तरी त्या वाटेवर पाय घसरतो, आणि बहुतेक वेळा त्याच वाटेने सावरताही येतं. पुढे १९७६ मध्ये केनेथ अॅपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाला हजारावर तास राबवून ते प्रमेय सिद्ध केलं, तेव्हा वेगळाच पेच पडला. ती सगळी आकडेमोड कोणा माणसाने ओळीन् ओळ वाचलेली नाही. मग यंत्रावर ठेवलेला भरवसा हा अनुभवाचाच भाग नाही का? थॉमस टिमोक्झ्को या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला आणि त्यावर अजूनही एकमत नाही.

दुसऱ्या दाव्याबद्दल थोडक्यात सांगते. पहाटे दिसणारी शुक्राची चांदणी आणि संध्याकाळी दिसणारी शुक्राची चांदणी एकच आहे, हे आकाश पाहूनच कळलं. घरात बसून कोणाला कळलं नसतं. पण सॉल क्रिपकी या तत्त्वज्ञाने १९७० च्या व्याख्यानांत दाखवून दिलं की ती एकच आहे असं एकदा ठरलं की ती ‘दोन असू शकली असती’ असं म्हणण्याला अर्थ उरत नाही. म्हणजे अनुभवातून कळलेलं सत्यही अटळ असू शकतं. अटळपणा हा गोष्टीबद्दलचा मुद्दा आणि अनुभवपूर्वता हा आपल्याला ती कळण्याच्या रीतीबद्दलचा मुद्दा. कांटने या दोन्हींची गाठ घट्ट बांधली होती, क्रिपकीने ती सोडवली.

आता तुमच्या त्रिकोणाकडे येऊ. फळ्यावर तुम्ही जे लिहिता ते आठवा. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. एका शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढायची, दोन्हीकडचे व्युत्क्रम कोन समान दाखवायचे, आणि तीन कोन एका सरळ रेषेवर येऊन बसतात. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं हे ३२ वं विधान. व्युत्क्रम कोन समान असतात हे त्याच्या २९ व्या विधानातून येतं आणि तिथेच, त्या पुस्तकात पहिल्यांदा, तो आपलं पाचवं गृहीतक वापरतो. आजच्या भाषेत ते असं सांगता येईल: रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. आधीची २८ विधानं त्याने त्याच्याशिवाय निभावून नेली. हे गृहीतक बाकीच्यांइतकं उघड नाही, असं पुढे सुमारे दोन हजार वर्षं लोकांना वाटत राहिलं. ते बाकीच्यांतून सिद्ध करायचे प्रयत्न झाले आणि फसले. १८२९ मध्ये लोबाचेव्हस्की आणि १८३२ मध्ये बोयाई यांनी ते गृहीतक बदलून एक वेगळी भूमिती मांडली. तिच्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा कमी भरते आणि तरी कुठे विसंगती निघत नाही. युक्लिडची भूमिती सुसंगत असेल तर हीदेखील आहे, हे १८६८ मध्ये बेल्ट्रामीने दाखवलं.

सर, इथे जरा थांबा, कारण मला सांगायचं आहे ते हेच. युक्लिडची भूमिती ही एकमेव शक्य भूमिती नाही, हे कोणी दुर्बिणीतून पाहून ठरवलेलं नाही. ते सिद्धतेनेच कळलं. पाचवं गृहीतक बाकीच्यांतून निघत नाही हेही अनुभवपूर्व ज्ञानच आहे, तुमच्या फळ्यावरच्या प्रमेयाच्याच जातीचं. या ज्ञानाने आपली हद्द स्वतःच आखली. १९३१ मध्ये गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने अंकगणिताबाबत असंच काही केलं: सुसंगत आणि पुरेशा सामर्थ्याच्या कोणत्याही औपचारिक पद्धतीत अशी विधानं असतातच की जी तिच्यातून सिद्धही होत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत. तेही सिद्ध करूनच दाखवलं. अनुभवपूर्व ज्ञानाला मर्यादा आहेत म्हणून ते फसवं, असं मानणाऱ्यांनी या मर्यादा आपल्याला कळल्या कशा, हे एकदा स्वतःला विचारावं.

तुमच्या माजी विद्यार्थ्याचं म्हणणंही बरोबर आहे. कांटला वाटलं होतं की अवकाशाची युक्लिडीय घडण आपल्या जाणण्याच्या रीतीतच आहे, म्हणून ती अनुभवाच्या आधी कळते आणि अनुभवाला लागूही पडतेच. यातला ‘लागू पडतेच’ हा भाग टिकला नाही. आइनस्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतानुसार वस्तुमानाजवळ अवकाश-काल वक्र असतो. सूर्याच्या कडेला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळेल असं भाकीत होतं, आणि १९१९ च्या खग्रास ग्रहणात प्रिन्सिपे बेटावर आणि ब्राझीलमधल्या सोब्राल इथे घेतलेली निरीक्षणं त्याच्या बाजूने गेली. अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला. तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक एका अंशापर्यंतच वाचता येतो.

म्हणजे तुम्ही खोटं शिकवलंत का? नाही. तुम्ही जे सिद्ध केलंत ते ‘जर–तर’ विधान आहे. जर ही गृहीतकं धरली, तर बेरीज १८०. त्या ‘जर’ आणि ‘तर’ यांच्यामधला सांधा १९१५ मध्ये हलला नाही आणि कुठल्याही ग्रहणाने हलणार नाही. खऱ्या अवकाशात ते ‘जर’ पुरं होतं का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर मोजूनच द्यावं लागतं. आइनस्टाइनने स्वतः १९२१ च्या एका व्याख्यानात हेच सांगितलं: गणिताची विधानं वास्तवाबद्दल बोलतात तेव्हा ती निश्चित नसतात आणि निश्चित असतात तेव्हा ती वास्तवाबद्दल बोलत नाहीत.

मला मात्र ही विभागणी जरा जास्तच चोख वाटते. १९५१ मध्ये क्वाइन या तत्त्वज्ञाने आक्षेप घेतला की अनुभवाच्या कचेरीत आपली विधानं एकेकटी हजर होत नाहीत, सगळी मिळून जातात, आणि प्रसंग पडलाच तर तर्काचे नियमसुद्धा बदलावे लागतील. ते पूर्णपणे मला पटत नाही. काय बदलायचं हे ठरवतानाही कशातून काय निघतं हे धरूनच चालावं लागतं. पण अर्धी गोष्ट त्याने नेमकी पकडली आहे: मोजमाप आणि सिद्धता भांडतात तेव्हा दोष कोणाच्या माथी मारायचा हे आधी ठरलेलं नसतं.

याचं एक उदाहरण तर आपल्याच मातीतलं आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ पाया रेषा मोजून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय पाहणी सुरू केली. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचं यंत्र, डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत ही माणसं उत्तरेकडे सरकत होती. काम करता करताच १८२३ मध्ये लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. या पाहणीतल्या मोठ्या त्रिकोणांची बेरीज १८० अंश येणं अपेक्षितच नव्हतं. प्रत्येक ठाण्यावर यंत्र तिथल्या ओळंब्याप्रमाणे आडवं केलेलं, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे तीन ठाण्यांचे ओळंबे तीन वेगळ्या दिशांना. त्यामुळे बेरीज थोडी जास्त भरते. साधारण दर २०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळामागे एक विकला. ५० किलोमीटर बाजूंचा समभुज त्रिकोण घेतला तर सुमारे साडेपाच विकला. पाहणीवाले आधी हा वाढावा वजा करत, मग १८० शी ताडून पाहत, आणि उरलेला फरक वाचनातली चूक म्हणून तीन कोनांत वाटून टाकत. बघा, फरक एकच, पण त्याचे दोन भाग केले. एक भाग ‘इथे पक्षच पुरा होत नाही’ या खात्यावर आणि दुसरा ‘डोळ्याची आणि यंत्राची चूक’ या खात्यावर. प्रमेयाच्या खात्यावर काहीच नाही. ही विभागणी त्यांना करता आली, कारण प्रमेय कशावर उभं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता काय करायचं ते बोलू. पुस्तकात आहे तेवढं शिकवून मोकळं होण्याने तुम्हाला स्वस्थता मिळणार नाही, आणि त्या मुलीला तर एवढंच कळेल की असे प्रश्न विचारायचे नसतात. दुसऱ्या टोकाला जाऊन ‘ही भूमिती खरी नाही, अवकाश वक्र आहे’ असं नववीला सांगून टाकणंही मला गैर वाटतं. सिद्धता म्हणजे काय हे ज्यांच्या अजून हाताखालून गेलेलं नाही, त्यांना ‘म्हणजे काहीच नक्की नसतं’ एवढंच ऐकू येईल, आणि ते तर साफ चूक आहे. एक तास काढा, जमलं तर दोन. वर्गातल्या प्रत्येकाला मोठा, पानभर त्रिकोण काढून कोन मोजायला सांगा आणि सगळ्या बेरजा फळ्यावर लिहा. आकडे १८० च्या दोन्ही बाजूंना पसरलेले दिसतील. काही १७८, काही १८२, बरेचसे मधले. मुलांनाच विचारा, हे आकडे सगळे एकाच बाजूला, समजा सगळे १८३ च्या पुढे, आले असते तर आपण काय म्हटलं असतं? कोणीतरी म्हणेल, कोनमापक बिघडलेला आहे. कोणीतरी म्हणेल, कागद वाकडा असेल. त्या दुसऱ्या मुलाला धरून ठेवा. भूगोलाच्या खोलीतला पृथ्वीगोल आणा. उत्तर ध्रुवावरून ० आणि ९० पूर्व ही रेखावृत्तं बोटाने विषुववृत्तापर्यंत आणा. तीन कोन, तिन्ही काटकोन, बेरीज २७०. मग फळ्यावरच्या सिद्धतेकडे परत या आणि विचारा, यातली कोणती पायरी गोलावर अडली? समांतर रेषेपाशी मुलं बरोबर येऊन थांबतील, कारण गोलावर दोन रेखावृत्तं विषुववृत्ताला काटकोनात छेदून निघतात आणि तरीही ध्रुवावर भेटतात. तिथे फक्त एक वाक्य सांगा: सिद्धता बरोबरच आहे, पण ती हे धरून चालते. आइनस्टाइनपर्यंत जायची गरज नाही. ज्याला जायचं असेल तो आपणहून विचारेल.

त्या मुलीला वेगळं बोलावून तिचं म्हणणं बरोबर होतं हे मात्र जरूर सांगा. पाच त्रिकोण मोजून ‘सगळे’ म्हणता येत नाही. पाच लाख मोजूनही नाही. म्हणून तर सिद्धता लागते.

असाच पेच घेऊन लिहिणारे आणखी काही वाचक आहेत. तत्त्वज्ञानाच्या एमएची एक विद्यार्थिनी आहे, सॉफ्टवेअरमधले एक गृहस्थ आहेत ज्यांचा ‘सिद्ध केलेला’ प्रोग्राम प्रत्यक्षात कोलमडला. त्यांनीही याच क्रमाने पाहावं. आधी तर्काची साखळी तपासा, केम्पची आठवण ठेवून. ती पक्की निघाली तर गृहीतकं एकेक करून कागदावर लिहा, आणि त्यांतली कोणती पाहून पडताळायची आहेत यावर खूण करा. प्रोग्रामच्या बाबतीत दोष बऱ्याचदा तिथे सापडतो: येणारी माहिती अमुक स्वरूपाचीच असेल असं कोणीतरी धरलेलं असतं आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं.

राहिले तुमचे स्नेही. त्यांच्याशी स्टाफरूममध्ये वाद घालण्यापेक्षा त्यांना त्या तासाला वर्गात बोलवा. फळ्यावरच्या बेरजांचा पसारा कसा वाचायचा, कोनमापकाच्या एका अंशाने बेरजेत किती फरक पडू शकतो, मोठा त्रिकोण काढल्याने काय सुधारतं, हे त्यांनी सांगावं. तो त्यांचा प्रांत आहे आणि ते तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील. समांतर रेषेपासून पुढे खडू तुमच्या हातात घ्या.